जुना रेल्वे-नकाशा कसा वाचावा? : खानदेशाचे उदाहरण



स्थानिक इतिहासाची साधने म्हणून आपण बखरी, दप्तरे, शिलालेख यांचा विचार करतो; जुना रेल्वे-नकाशा मात्र सहसा दुर्लक्षित राहतो. वास्तविक, कोणता माल कोठून कोठे जात होता आणि त्यापाठोपाठ कोणते उद्योग उभे राहिले, हे त्यावरून उमगू शकते. खानदेशाच्या आधारे ही पद्धत समजून घेऊ.

१. काळनिश्चिती : नकाशावर छपाईचे वर्ष नसेल, तर त्यावरील नावे साक्ष देतात. खानदेश हा एकच जिल्हा दाखवला असेल, तर नकाशा बहुधा १९०६ पूर्वीचा. त्या वर्षी पूर्व खानदेश व पश्चिम खानदेश असे विभाजन झाले. ‘जी.आय.पी.’ हे नाव १९५१ मध्ये मध्य रेल्वे स्थापन झाल्यावर मागे पडले. चाळीसगाव-धुळे फाटा १९०० मध्ये सुरू झाला; तो नसल्यास नकाशा त्याआधीचा असण्याचा संभव असतो. तथापि, एकाच खुणेवर विसंबू नये. जुन्या नकाशाची पुढेही पुनर्छपाई होऊ शकते.

२. उद्योगांचा शोध : १८६० च्या दशकात मुख्य मार्ग चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ असा पुढे सरकला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) याच काळात हिंदुस्थानी कापसाला मोठी मागणी आली होती. वेचलेल्या कापसाच्या वजनात सुमारे दोन तृतीयांश सरकीच असते, आणि मोकळी रुई जागा फार व्यापते. म्हणून सरकी काढून, रुईच्या घट्ट गाठी बांधूनच माल गाडीत भरणे परवडे. स्थानकांजवळ जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने का आढळतात, याचे उत्तर येथे मिळते. पुढे जळगावला कापडगिरणी निघाली. सुरतेकडून ताप्ती व्हॅली रेल्वे आल्यावर अमळनेरला प्रताप मिल उभी राहिली. विप्रो कंपनीचा आरंभही १९४५ मध्ये अमळनेरलाच, वनस्पती तेलाच्या उद्योगातून झाला.

३. नकाशाची मर्यादा : ‘रेल्वे आली म्हणून उद्योग आला’ असा निष्कर्ष घाईने काढू नये. भुसावळ रेल्वेमुळे वाढले, हे खरे. परंतु धुळे आधीच जिल्ह्याचे ठाणे व बाजारपेठ होते, आणि तरीही मुख्य मार्गापासून तीन दशकांहून अधिक काळ दूर राहिले. तेथे बाजार आधी होता, रूळ नंतर आले. त्या काळात माल वाहणाऱ्या बैलगाड्यांची रेघ रेल्वे-नकाशावर नसते. म्हणून १८८० चे खानदेश गॅझेटिअर शेजारी ठेवून नकाशा वाचावा.

४. भाषेची साक्ष : मालडब्याला आपण ‘वाघीण’ म्हणतो; ‘वॅगन’ या परक्या शब्दाला ओळखीच्या शब्दाचे रूप देऊन मराठीने तो आपलासा केला. रेल्वेच्या नावात ‘ताप्ती’ आहे, लोकांच्या तोंडी मात्र ‘तापी’. अशा शब्दांतून कचेरीची भाषा आणि बाजाराची भाषा यांतील अंतर लक्षात येते.

गाठी उचलणारे हमाल आणि जिनात राबणाऱ्या स्त्रिया कोणत्याही नकाशात सापडत नाहीत. जुन्या जिनांची आवारे आज झपाट्याने मोडत आहेत. ती आठवणारी माणसे आपल्या गावात आहेत, तोवर त्यांच्याशी बोलून घ्यावे. हे काम गावात राहणारा विद्यार्थीच उत्तम करू शकतो.

स्वयं-अध्ययन : आपल्या जवळच्या स्थानकाच्या परिसरातील एक बंद कारखाना निवडा. तो रेल्वेआधीचा की नंतरचा, हे ठरवण्यासाठी कोणते दोन पुरावे तपासाल, ते दहा ओळींत लिहा.