विट्याची गलाई आणि धातूतली उष्णता

सांगली जिल्ह्यातल्या विट्यात सोनं-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्या एका गलाई दुकानात भट्टीजवळ बसून काम पाहिलं. मुशीत मोडीचे दागिने, टाकणखार आणि सोन्याच्या तिप्पट चांदी. एवढी चांदी मुद्दाम घालतात, कारण तिच्यामुळेच आम्लाला आतपर्यंत शिरता येतं. रस तयार होताच कारागिराने सांडशीने मूस उचलली आणि धार पाण्यात सोडली. तडतडत दाणे तळाशी बसले. ते नायट्रिक आम्लात पडताच तपकिरी धूर उठला. चांदी आणि तांबं विरघळलं, उरली मळकट तपकिरी भुकटी. ती धुऊन १०६४ अंशांपुढे तापवली, तेव्हा कुठे पिवळीधमक लगड हाती आली.

खानापूर, आटपाडी, तासगाव आणि साताऱ्याकडचे खटाव-माण या दुष्काळी पट्ट्यातले गलाईवाले हीच विद्या घेऊन देशभर पांगले.

सोन्यातून ते जी भेसळ काढतात, तीच धातूतल्या उष्णतेलाही अडवते. शुद्ध धातूच्या स्फटिकात अणू शिस्तीत रांगेने असतात आणि मोकळे इलेक्ट्रॉन त्यांतून उष्णता वाहून नेतात. परका अणू आला की इलेक्ट्रॉन अडखळतात. तांब्यात तीस टक्के जस्त घालून पितळ केलं, तर उष्णता वाहण्याची क्षमता साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते.

हा फरक खरा उघडा पडतो तो कडाक्याच्या थंडीत. एरवी अणूंची थरथरही इलेक्ट्रॉनांना अडवते. उणे २५० अंशांच्या आसपास ती जवळपास थांबते आणि अतिशुद्ध तांब्यातून उष्णता नेहमीच्या दहापटीहून जास्त सहज धावते. पितळेत मात्र परके अणू जागचे हलत नाहीत. तिथे थंडीबरोबर उष्णतेचा प्रवाह उलट आटत जातो.

दोन्ही गुण कामाचे आहेत. एमआरआय यंत्रात उणे २६९ अंशांवर नायोबियम-टायटॅनियमच्या बारीक तारा तांब्यात बसवलेल्या असतात. कुठे उष्णता निर्माण झालीच, तर तांबं ती चटकन पसरवतं. जिथे बाहेरची ऊब आत येऊ द्यायची नसते, तिथल्या नळ्या पितळेसारख्याच एका मिश्रधातूच्या, म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या करतात.

स्फटिक, मिश्रधातू, शुद्धता हे शब्द आपली मुलं पुस्तकातून पाठ करतात. विटा-खटावच्या शिक्षकांनी धातूंचा धडा एकदा तरी गलाईच्या दुकानात घ्यावा आणि शिकवायला गलाईवाल्यालाच बोलावावं.