वाचनालयाच्या कोपऱ्यातला संगणक

चाकणच्या बाजूला एका छोट्या वाचनालयात गेलो होतो. सकाळचे आठ वाजून गेले होते. रात्रपाळी करून आलेला एक तरुण, अंगात अजून कंपनीचाच शर्ट, संगणकासमोर बसला होता. भरतीचा अर्ज भरायचा होता आणि मुदत दुसऱ्या दिवशी संपणार होती. पण कुठलीही सरकारी साइट उघडली की 'कनेक्शन सुरक्षित नाही' अशी सूचना यायची आणि पान पुढे सरकायचं नाही. "मॅडम, नेट बंद आहे का?" त्याने ग्रंथपालांना विचारलं. नेट चालू होतं. दुखणं पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात होतं. तिथे तारीख दिसत होती १ जानेवारी २०११.

संगणक बंद असताना त्याचं घड्याळ चालू राहावं म्हणून मदरबोर्डवर नाण्याएवढा, तीन व्होल्टचा एक सेल असतो. त्याचा नंबर सीआर २०३२. मोटारींच्या रिमोट चाव्यांतही हा सेल सर्रास असतो. काही वर्षांनी तो संपतो. घरातल्या संगणकाचा प्लग कायम चालू असला तर ते कळतही नाही. वाचनालयात मात्र रात्री कुलूप लावताना मेन स्विच पाडतात, आणि सकाळी यंत्र पुन्हा आपल्या पहिल्या तारखेवर जाऊन बसतं. सुरक्षित साइटला ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र असतं आणि ब्राउझर ती मुदत संगणकाच्या घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळच २०११ सालात असेल, तर आजचं प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून निघालेलंच नसतं. तारीख हाताने दुरुस्त केली, साइट उघडली, अर्ज गेला. दुसऱ्या दिवशी सेल बदलला. हेच यंत्र भंगारात काढायचं आधी जवळजवळ ठरलं होतं.

तेव्हापासून वाचनालयातल्या सार्वजनिक संगणकाकडे मी वेगळ्या नजरेने बघतो. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना याची गरज काय, असं अनेक जण विचारतात. चाकणजवळच्या नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, कुरुळी या गावांत एका खोलीत चार-पाच जण राहतात. मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली ही मुलं कंत्राटावर काम करतात आणि पाळी संपली की पोलीस भरतीची, लोकसेवा आयोगाची तयारी करतात. मोबाइलवर व्हिडिओ दिसतो, निकाल दिसतो. पण फोटो आणि सही सांगितलेल्या केबीत बसवायची, चार पानांचा अर्ज एकसलग तपासायचा, प्रवेशपत्र छापून घ्यायचं, तर मोठा पडदा, कीबोर्ड आणि प्रिंटर लागतो. लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मिनिटाला मराठीचे ३० किंवा इंग्रजीचे ४० शब्द, अशी टंकलेखनाची अट असते. तो वेग काचेवर अंगठा फिरवून येत नाही.

पिंपरी ते चाकण हा पट्टा यंत्रांवर उभा राहिला. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली स्थापन झाली, पुढे भोसरी-आकुर्डीला मोटारी आणि दुचाकी आल्या, १९८२ साली महानगरपालिका झाली, मग कारखाने चाकणपर्यंत पसरले. इथल्या प्रत्येक शॉपफ्लोअरवर देखभालीचं वेळापत्रक भिंतीला लावलेलं असतं. बेअरिंगला तेल कधी, फिल्टर कधी, पट्टा कधी, सगळं ठरलेलं. त्याच गावातल्या वाचनालयातला संगणक मात्र उद्घाटनाच्या दिवशी हार घालून सुरू होतो आणि बंद पडेपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. खंत वाटते ती याची.

महाराष्ट्राने हे एकदा मोठ्या प्रमाणावर पाहिलं आहे. १९९८ साली वारणानगरच्या सहकारी संस्थांभोवतीच्या, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. गावोगावी संगणक केंद्रं उघडली. शेतीची माहिती, बाजारभाव, शिक्षण अशा पुष्कळ गोष्टी त्यातून व्हायच्या होत्या. प्रत्यक्षात उपयोग मुख्यतः उसाच्या नोंदींचा झाला आणि संगणक सांभाळण्याचा खर्च डोईजड होत गेला. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या एसएमएसवर तेच काम करून दाखवलं. उसाचं वजन कळण्यापुरतं ते पुरेसं होतं. अर्ज भरणाऱ्या आणि टायपिंग शिकणाऱ्या मुलाला मात्र एसएमएस पुरत नाही. वारणेतून मी एवढंच घेतो की यंत्र बसवण्याच्या खर्चाइतकाच सांभाळण्याचा खर्च पहिल्या दिवशी मांडला पाहिजे.

आता हा प्रश्न अंगावर आला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित आधार संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. वाचनालयांना देणगीत मिळालेले बहुतेक संगणक त्याआधीचे. म्हणून ते सगळे टाकायचे का? माझं उत्तर नाही असंच आहे. जुन्या यंत्राला संथ करणारा भाग बहुतेक वेळा फिरती हार्ड डिस्क असतो. तिच्या जागी एसएसडी बसवा, रॅम चारची आठ जीबी करा, पंख्यातली धूळ काढा. चालू व्हायला पाच मिनिटं घेणारं यंत्र अर्ध्या-पाऊण मिनिटात उभं राहतं. त्यावर लिनक्स मिंट किंवा सी-डॅकने बनवलेलं बॉस लिनक्स टाकलं की ब्राउझर, मराठी टंकन आणि पीडीएफ ही रोजची कामं बिनखर्चाने होतात. प्रिंटर आधी जोडून पाहावा, काही मॉडेलं लिनक्सवर त्रास देतात. एखादं नवं विंडोजचं यंत्र शेजारी असलेलं बरं.

घाईने फॉरमॅट मारू नये, हे कळकळीने सांगतो. कित्येक ग्रंथालयांची सभासद यादी, दाखल-नोंद जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. तो फॉन्ट गेला की 'ज्ञानेश्वरी'च्या जागी इंग्रजी अक्षरांची रांगोळी दिसते. आधी फाइल आणि फॉन्ट दोन्ही जपून ठेवा, मग युनिकोडमध्ये रूपांतर करा. ई-ग्रंथालय प्रणाली वापरत असाल तर तिच्या डेटाबेसची प्रत पेनड्राइव्हवर घेतल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका. कीबोर्डची सोयही विचारून करा. टायपिंग क्लासमधून आलेल्याच्या बोटांत रेमिंग्टन बसलेला असतो, तर इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. दोन्ही मांडण्या सुरू ठेवल्या तर कोणीच अडत नाही.

आणि 'डाउनलोड्स'चं फोल्डर. एका यंत्रावर ते उघडलं आणि काळजात धस्स झालं. आधार कार्डं, जातीचे दाखले, दहावीची गुणपत्रकं, कोणाच्या तरी आईचं बँक पासबुक, सगळं ओळीने पडलेलं. पुढे बसेल त्याला दिसेल असं. वाचकासाठी पाहुणा खातं ठेवा, म्हणजे तो बाहेर पडताच त्याचं सगळं आपोआप पुसलं जाईल. ही सोय लिनक्स मिंटमध्ये आहे, चालू करायला पैसे लागत नाहीत. नूतनीकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट कोणती असं विचाराल तर मी प्रोसेसरच्या आधी हिचं नाव घेईन.

पैशाचं काय? महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७चा. त्याखाली ग्रंथालयांना अ, ब, क, ड वर्गांनुसार अनुदान मिळतं; ते ग्रंथखरेदी आणि पगारातच संपतं. पण या पट्ट्यात दुसरी वाट दाराशीच आहे. २०१३च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला सांगितले, आणि त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक ग्रंथालयं उभारण्याचा उल्लेख स्पष्ट आहे. चाकण-भोसरीच्या कारखान्यांना माझी विनंती आहे: दहा नवे संगणक देण्याऐवजी पाचच द्या, आणि उरलेल्या पैशात तीन वर्षं महिन्यातून एकदा तुमच्या देखभाल विभागाचा एक माणूस वाचनालयात पाठवा. यंत्र कसं जगवायचं हे त्याला ठाऊक असतं.

वाचकांनाही एक सांगणं आहे. पुढच्या वेळी वाचनालयात जाल तेव्हा कोपऱ्यातला संगणक सुरू करून आधी तारीख बघा. चुकीची असली तर ग्रंथपालांना सांगा, आणि जमलं तर येताना एक सेल घेऊन या.