एक रात्र आकाशाखाली : बेघर युवकांसाठी विद्यार्थ्यांचा निधी-जागर

प्रस्तावना

महाविद्यालयांना निधी संकलन नवे नाही. १९९३ चा किल्लारीचा भूकंप असो वा २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा महापूर, अशा प्रसंगी राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक मदतीचे डबे घेऊन बाजारपेठेतून फिरतात आणि समाजही सढळ हाताने देतो. बेघरपणा ही एका दिवसात कोसळणारी आपत्ती नसल्याने तिच्यासाठी असा डबा सहसा फिरत नाही. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २००५ साली पाच दिवस परिसरात उघड्यावर झोपून बेघर युवकांसाठी निधी जमविण्याचा उपक्रम सुरू केला व तो पुढे तेथील इतर विद्यापीठांत पसरला. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील महाविद्यालयांना असा एका रात्रीचा उपक्रम कसा आखता येईल आणि त्यातून जमलेला निधी कोणत्या कामी लावावा, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

१. बेघर युवक कोण?

२०११ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री करण्यात आली. त्या रात्री देशात सुमारे १७ लाख ७३ हजार, तर महाराष्ट्रात सुमारे २ लाख ११ हजार व्यक्ती घराविना आढळल्या. परंतु मित्राच्या खोलीवर चार दिवस, नातलगाकडे आठ दिवस आणि मधल्या काळात एस. टी. स्थानकावर राहणारा तरुण अशा मोजणीत सापडतोच असे नाही.

या तरुणांतील एक महत्त्वाचा गट बालगृहांतून बाहेर पडणाऱ्यांचा आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार १८ वर्षे पूर्ण होताच 'बालक' ही ओळख संपते आणि तिच्याबरोबर निवाराही जातो. अमृता करवंदे यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. गोव्यातील अनाथाश्रमात वाढलेल्या करवंदे वयाच्या १८ व्या वर्षी पुण्यात आल्या. त्यांची तेथील पहिली रात्र रेल्वे स्थानकावर गेली. पुढे त्यांनी अहमदनगर येथे पदवीचे शिक्षण घेतले. त्यांच्या पाठपुराव्यामुळे जानेवारी २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अनाथांसाठी १ टक्का समांतर आरक्षणाचा निर्णय घेतला.

येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. १८ ते २१ हेच पदवीचे वय होय. त्यामुळे बेघर युवक हा महाविद्यालयाच्या भिंतीबाहेरचा कोणी परका इसम नसून तो हजेरीपटावरील एक नाव असू शकतो. दिवाळीच्या वा उन्हाळ्याच्या सुट्टीत वसतिगृह बंद झाल्यावर 'घरी जा' एवढेच सांगितले जाते. ज्याला घर नाही, तो कोठे जातो, हे सहसा विचारले जात नाही.

२. पूर्वपरंपरा

गरजू विद्यार्थ्याचा भार समाजाने थोडा थोडा उचलावा, ही कल्पना महाराष्ट्राच्या अंगवळणी पडलेली आहे. वार लावून जेवणे, माधुकरी आणि कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या वसतिगृहांसाठी घरोघरी काढून ठेवलेले मूठभर धान्य ही तिचीच रूपे होत. देवीचा गोंधळ आणि एकादशीचा हरिजागर यांमुळे रात्र जागविण्याचा संस्कारही येथे जुना आहे. जिल्ह्यापुरते पाहिल्यास, गिरीश कुलकर्णी व त्यांच्या तरुण मित्रांनी १९८९ साली सुरू केलेली 'स्नेहालय' ही संस्था अहमदनगरच्या वेश्यावस्तीतील मुलांच्या काळजीतूनच उभी राहिली. तात्पर्य, असा उपक्रम येथे उपरा ठरण्याचे कारण नाही.

३. नियोजनाचे टप्पे

(अ) काळ व स्थळ : सत्र परीक्षांचा काळ टाळून जानेवारीतील एक रात्र निवडावी. जिल्ह्यातील थंडी त्या वेळी अंगाला जाणवते आणि उपक्रमाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. स्थळ महाविद्यालयाचे मैदानच असावे.

(आ) सुरक्षितता : पालकांचे लेखी संमतिपत्र, विद्यार्थिनींसाठी स्वतंत्र व्यवस्था, महिला प्राध्यापकांची उपस्थिती, प्रथमोपचार, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहांतील प्रकाश आणि पोलीस ठाण्यास पूर्वसूचना या गोष्टी अनिवार्य समजाव्यात. आजारी विद्यार्थ्यास दिवसपाळीचे काम द्यावे.

(इ) संकल्पपत्र : प्रत्येक सहभागी विद्यार्थ्याने आपल्या परिचितांकडून 'मी ही रात्र उघड्यावर काढीन, त्यासाठी आपण अमुक रक्कम द्यावी' असे संकल्पपत्र भरून घ्यावे. त्या निमित्ताने विषय घरोघरी पोहोचतो.

(ई) कायदेशीर बाजू : विद्यार्थ्यांच्या नोंदणी नसलेल्या समितीने वर्गणी जमविण्यापूर्वी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क नुसार धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी, गणेशोत्सव मंडळांमुळे ही पद्धत परिचित आहे. अन्यथा नोंदणीकृत शिक्षणसंस्थेच्या वा सहयोगी संस्थेच्या खात्यातच, क्रमांकित पावतीवर रक्कम स्वीकारावी. कोणाही प्राध्यापकाचे वा विद्यार्थ्याचे वैयक्तिक खाते वापरू नये. दोन हजार रुपयांवरील रोख देणगीस प्राप्तिकरात सवलत मिळत नाही, हे देणगीदारांना आधीच सांगावे.

(उ) रात्रीचा कार्यक्रम : ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. हे बंधन उपक्रमास पोषकच आहे. दहापर्यंत बाल संरक्षण कक्षातील अधिकारी अथवा संस्थांचे कार्यकर्ते यांची व्याख्याने व्हावीत. त्यानंतर लहान गटांत चर्चा, अनुभवलेखन आणि विश्रांती असावी.

४. निधीचा विनियोग

जमलेल्या पैशांतून ब्लँकेट वाटणे सोपे असते आणि त्याचे छायाचित्रही चांगले येते. परंतु ब्लँकेटने पुढच्या महिन्याचे खोलीभाडे भागत नाही. बालगृह सोडलेल्या युवकांसाठी कायद्यात २१ वर्षांपर्यंत, अपवादात्मक परिस्थितीत २३ वर्षांपर्यंत, अनुरक्षणाची तरतूद आहे. केंद्राच्या 'मिशन वात्सल्य' योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत त्यासाठी दरमहा ४,००० रुपये अर्थसाहाय्य सांगितले आहे. हाच मापदंड धरल्यास एका युवकाचा वर्षाचा आधार ४८,००० रुपये होतो. शंभर विद्यार्थ्यांनी प्रत्येकी ५०० रुपयांचे संकल्प मिळविले, तर ५०,००० रुपये जमतात. म्हणजे शंभर जणांच्या एका रात्रीतून एका समवयस्काचे एक वर्ष सावरता येते. हे साधे गणित विद्यार्थ्यांसमोर आरंभीच मांडावे. त्यामुळे उद्दिष्ट मूर्त होते आणि आपला वाटा किती, हेही प्रत्येकाला कळते.

खर्च वजा जाता उरलेल्या रकमेचा हिशेब आठ दिवसांत सूचना फलकावर लावावा. लाभार्थ्याचे नाव मात्र त्यावर असू नये.

५. मर्यादा व दक्षता

या उपक्रमातील मोठा धोका म्हणजे बेघरपणाचे नाट्य होणे. सकाळी घरी परतून गरम पाण्याने स्नान करणाऱ्या विद्यार्थ्याने बेघरपणा 'अनुभवला' असा दावा करणे अनुचित होय. घर नसणाऱ्याचे दुःख केवळ थंडीचे नसते. उद्या रात्री कोठे झोपावे, ही चिंता त्याला आज दुपारपासूनच ग्रासत असते. ती एका रात्रीत कळत नाही, हेच चर्चेत मान्य व्हावे.

स्थानकावर झोपलेल्यांची छायाचित्रे घेऊ नयेत. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख प्रसिद्ध करणे बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार दंडनीय आहे. एखादे निराधार बालक आढळल्यास १०९८ या क्रमांकावर कळवावे. अशा बालकास २४ तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर हजर करणे कायद्याने आवश्यक आहे. बालगृहातून आलेल्या विद्यार्थ्यास व्यासपीठावर उभे करून त्याच्याकडून आपली कहाणी वदवून घेण्याचा मोहही प्राध्यापकांनी कटाक्षाने टाळावा.

समारोप

निधी-जागराचे यश केवळ जमलेल्या रकमेवरून ठरविता येणार नाही. प्रवेश अर्जावर 'कायमचा पत्ता' हा रकाना कोरा सोडणारा विद्यार्थी महाविद्यालयाच्या नजरेस येऊ लागला, त्याचे शुल्क आणि 'कमवा व शिका' योजनेतील काम यांची गोपनीयतेने तरतूद झाली, आणि दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृहाची एक खोली त्याच्यासाठी उघडी राहिली, तर त्या रात्रीचे सार्थक झाले असे म्हणता येईल. खोली उघडी ठेवण्यास फारसा निधी लागत नाही. तशी गरज असलेला विद्यार्थी आपल्याच वर्गात आहे, याची जाणीव लागते. ती जाणीव निर्माण करणे, हेच या जागराचे खरे प्रयोजन होय.