क्यूआर कोड व परिचयपत्रे : छापण्यापूर्वी घ्यावयाची दक्षता

मोरा बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरून मुंबईत परभारे गिऱ्हाईक जोडू पाहणाऱ्या शेतकऱ्यास आज नुसत्या छापील पत्त्याने भागत नाही. तांदळाच्या पिशवीवर, आंब्याच्या पेटीवर व परिचयपत्रावर क्यूआर कोड छापण्याचा प्रघात पडला आहे. संस्था किंवा आडत्या अनेक शेतकऱ्यांसाठी असे कोड एकदम करवून घेतात. तेव्हा कोणत्या कंपनीची सेवा पत्करावी, हा प्रश्न उभा राहतो. त्याचा विचार येथे करू.

हा कोड जपानातील डेन्सो कंपनीचे मासाहिरो हारा व त्यांचे सहकारी यांनी मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी 1994 साली तयार केला. त्याच्या प्रमाणित स्वरूपाच्या वापराबद्दल कंपनीने मोबदला घेतला नाही. म्हणून साधा कोड कोणासही फुकट करता येतो. तेव्हा कंपन्या पैसे घेतात ते मुख्यत्वे कोडाबद्दल नव्हे, तर त्यामागील दप्तर सांभाळण्याबद्दल, हे प्रथम ध्यानी धरावे.

कोड दोन प्रकारचे असतात. स्थिर कोडात नाव व दूरध्वनी क्रमांक प्रत्यक्ष त्या ठिपक्यांतच भरलेला असतो. तो इंटरनेटवाचून उघडतो व त्यास वर्गणी लागत नाही; परंतु क्रमांक बदलल्यास छपाई वाया जाते. बदलत्या कोडात केवळ कंपनीचा पत्ता असतो व तेथून गिऱ्हाईक आपल्या पानावर पाठविले जाते. मजकूर केव्हाही बदलता येतो, किती जणांनी कोड पाहिला तेही कळते. मात्र वर्गणी थकली अथवा कंपनी बंद पडली, तर छापलेल्या सर्व पिशव्या मुक्या होतात. जमीन आपण कसावी आणि सातबारा दुसऱ्याच्या नावे असावा, त्यातलाच हा प्रकार होय.

ह्यावर उपाय आहे. संस्थेने आपल्या नावे इंटरनेटवरील पत्ता, म्हणजे डोमेन, नोंदवावा, त्याचे नूतनीकरण न चुकता करावे व त्या पत्त्याचाच स्थिर कोड छापावा. पान कोणत्याही कंपनीकडे ठेविले तरी पत्ता आपला राहतो. कंपनी बदलली तरी पिशवी बदलावी लागत नाही.

कंपनीशी ठरविताना पुढील गोष्टी लेखी घ्याव्या: आपला पत्ता जोडू देतात काय, वर्गणी थांबल्यावर कोडाचे काय होते, सर्व सभासदांची यादी उतरवून घेता येते काय, प्रत्येकास आपले पान स्वतः दुरुस्त करता येते काय, गिऱ्हाइकांची माहिती इतरांस देतात काय. पहिल्या वर्षाच्या सवलतीस भुलू नये, दुसऱ्या वर्षाचा दर विचारावा.

छपाईत कोड दोन सेंटिमीटरांहून लहान नसावा, फिक्या रंगावर काळा असावा व भोवती चार ठिपक्यांइतकी कोरी जागा सोडावी. दुरुस्तीची सोय सर्वांत वरच्या दर्जाची ठेविल्यास सुमारे 30 टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. ओल व धूळ सोसणाऱ्या पिशवीस हे हितावह आहे. प्रथम एकच नमुना छापून तो निरनिराळ्या फोनांवर पाहावा. शेजारी दूरध्वनी क्रमांक अक्षरी अंकांत अवश्य असावा.

गिऱ्हाईक जोडण्यास वर्षे लागतात. त्याच्यापर्यंत जाणारी वाट दुसऱ्याच्या ताब्यात देऊ नये, एवढीच आमची शेतकरी बंधूंस सूचना आहे.