बारा लाखांची सूट आणि शेअरचा नफा

आरे-जेव्हीएलआर स्थानकातून भुयारी मेट्रो धरली की वांद्रे-कुर्ला संकुलात राष्ट्रीय शेअर बाजार येतो आणि हुतात्मा चौकात उतरले तर दलाल स्ट्रीट चालत गाठता येतो. ऑक्टोबर २०२५ पासून ही मार्गिका कफ परेडपर्यंत धावते आहे. अर्थात सौदे करायला आता तिथे कुणी जात नाही. बाजार सव्वानऊला उघडतो आणि साडेतीनला बंद होतो. तेवढ्या वेळात मोबाइलवर खरेदीही उरकते आणि विक्रीही. संध्याकाळी ॲपवर नफ्याचा एकच हिरवा आकडा दिसतो. आयकर खाते मात्र आधी विचारते, हा नफा कसला?

आरेतल्या तबेलेवाल्याची म्हैस हे त्याचे भांडवल. गुरांच्या बाजारात सकाळी घेऊन संध्याकाळी विकणाऱ्याच्या हाती तीच म्हैस म्हणजे माल. शेअरचेही तसेच आहे. डिलिव्हरी घेऊन, म्हणजे डिमॅट खात्यात जमा करून, गुंतवणूक म्हणून ठेवलेला नोंदणीकृत शेअर बारा महिन्यांच्या आत विकला तर तो अल्पकालीन भांडवली नफा. त्यावरचा कर १५ टक्के होता, तो २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने त्याच दिवसापासून २० टक्के केला. शेअर एकाच दिवशी घेऊन विकला, म्हणजे इंट्राडे केला, तर कायद्याच्या भाषेत तो सट्ट्याचा धंदा. फ्युचर्स-ऑप्शन्स हाही धंदाच, पण सट्टा नव्हे, ही कायद्याची एक गंमतच म्हणायची. या दोन्हींचा नफा पगारासारखा उत्पन्नात मिळवला जातो आणि टप्प्यांनुसार कर लागतो.

सगळ्यात जास्त फसगत होते ती ‘बारा लाखांपर्यंत कर नाही’ या वाक्याने. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत ही सूट आहे खरी, पण २० टक्क्यांच्या विशेष दराने लागणाऱ्या कराला ती नाही. वजावटीनंतर पगाराचे ७ लाख आणि डिलिव्हरीच्या शेअरमध्ये अल्पकालीन नफा १ लाख, असे धरा. पगारावरचा कर सुटेल. नफ्यावर २० हजार आणि ४ टक्के उपकराचे ८००, असे २०,८०० रुपये भरावेच लागतील. उलट जिला दुसरे काहीच उत्पन्न नाही अशा निवासी गृहिणीला ३ लाखांचा असा नफा झाला, तर ४ लाखांच्या मूळ मर्यादेत तो बसतो आणि कर शून्य.

तोट्याचा हिशेब मात्र नीट समजून घ्यायला हवा, कारण तोटाच अधिकांच्या वाट्याला येतो. बाजार नियामक सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. हा तोटा त्याच वर्षी व्याज, घरभाडे, अगदी भांडवली नफ्यातूनही वजा होतो, पगारातून नाही. उरला तर आठ वर्षे पुढे नेता येतो, पण पुढे तो फक्त धंद्याच्या नफ्यातूनच वजा होतो. इंट्राडेचा तोटा सट्ट्याच्याच नफ्यातून, तोही चारच वर्षे. डिलिव्हरीतला अल्पकालीन तोटा कोणत्याही भांडवली नफ्यातून वजा होतो, आठ वर्षांपर्यंत.

धंदा म्हटला की खर्चही आला: ब्रोकरेज, इंटरनेट, शेअरच्या सौद्यांवर लागणारा व्यवहार करही (एसटीटी) दाखवता येतो. भांडवली नफ्यात व्यवहार कराची वजावट नाही. विवरणपत्रही बदलते, इंट्राडे किंवा फ्युचर्स-ऑप्शन्स केले तर पगारदारांचा साधा फॉर्म चालत नाही, आयटीआर-३ लागतो. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, कलमांचे क्रमांक बदलले, पण ही विभागणी कायम आहे.

‘तोटाच झालाय, मग रिटर्न कशाला?’ असे म्हणून गप्प बसू नका. मुदतीत विवरणपत्र भरले नाही, तर हे तोटे पुढे नेण्याचा हक्क जातो.