काचेमागचा पिक्चर

मुचकुंदी नदी समुद्राला मिळते तिथल्या टेकडीवर पूर्णगडाचा आटोपशीर किल्ला आहे. किल्ल्याखालच्या या बंदरगावाचा चाकरमानी शिमग्याला किंवा गणपतीला घरी आला, की मुंबईच्या पिक्चरची गोष्टही बरोबर यायची. ती सुरू मात्र व्हायची थिएटरच्या दाराबाहेर, फोटोंपाशी.

काचेची बंद चौकट, आत कापड ताणलेला फळा आणि त्यावर टाचण्यांनी लावलेले चकचकीत फोटो. एकीकडे ‘चालू आहे’, दुसरीकडे ‘पुढील आकर्षण’. खिशात तिकिटापुरते पैसे नसले तरी हा भाग फुकट होता. नायिका कोण, मारामारी किती, खलनायकाच्या हातात सुरा की पिस्तूल, सगळा हिशेब इथेच लागायचा. रंगीत पिक्चर दुर्मीळ होते तेव्हा काही फोटो हाताने रंगवलेले असत. गाल गुलाबी, साडी नको तितकी हिरवी.

गिरगावातलं मॅजेस्टिक हे अशा थिएटरांतलं मानाचं नाव. १४ मार्च १९३१ रोजी तिथे अर्देशीर इराणींचा ‘आलम आरा’ लागला, भारताचा पहिला बोलपट. गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले, चार आण्यांचं तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांवर गेलं. नायक होते मूकपटांतले लोकप्रिय मास्टर विठ्ठल, नायिका झुबेदा. आज या पिक्चरची एकही प्रत उपलब्ध नाही. उरले ते फोटो आणि जाहिराती. पहिला बोलपट आपल्याला मुका होऊनच भेटतो.

थिएटरही उरलं नाही. त्या जागी मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर उभं आहे. नाव टिकलं ते वेगळ्याच वाटेने. १९४२ साली केशवराव कोठावळ्यांनी या थिएटरच्या आधाराने पुस्तकांचं दुकान मांडलं, त्याचं मॅजेस्टिक बुक स्टॉल झालं आणि पुढे प्रकाशनही. गिरगावातच सेंट्रल थिएटरला १९३६च्या डिसेंबरात प्रभातचा ‘संत तुकाराम’ लागला, तो वर्षभराहून अधिक काळ उतरला नाही. फळ्यावरचे तेच फोटो इतके दिवस पाहून त्या फुटपाथवरून रोज कामाला जाणाऱ्यांना ते पाठ झाले असतील.

हे फोटो म्हणजे पिक्चरच्या रिळातले तुकडे, असा अनेकांचा समज असतो. तसं नव्हतं. सेटवर स्टिल फोटोग्राफर वेगळा असायचा. शॉट ओके झाला की नट-नटी तीच पोज पुन्हा धरून उभे राहत आणि तो आपल्या कॅमेऱ्याने फोटो घेई. दामोदर कामतांनी १९४५ साली सुरू केलेल्या ‘कामत फोटो फ्लॅश’ने हेच काम राज कपूर, गुरुदत्त यांच्या सेटवर केलं. प्रकाश, चेहरा, पदराची चुणी, सारं एका क्षणात बसवायचं. दुसऱ्या दिवशी सेट मोडलेला असे.

यातून एक गंमत व्हायची. फोटो निघाल्यावर प्रसंग संकलनात किंवा सेन्सॉरच्या कात्रीत जाई, पण फळ्यावर मात्र तसाच राही. मग शो सुटल्यावर घरी जायचं सोडून माणसं पुन्हा काचेशी जमत. ‘हा सीन कुठे आला रे?’ एक जण काचेवर बोट टेकवून विचारी. दुसरा म्हणे, ‘तू तेव्हा भजी आणायला गेलेलास.’