खेळते मूल बोलते होते

मूल चिखलात खेळत बसले की आपण म्हणतो, "नुसता खेळ! जरा चार शब्द शीक." खरे पाहता ते त्या खेळातच शब्द शिकत असते.

अडीच वर्षांचे मूल ज्वारीच्या धाटाला बैल म्हणून हाकते. धाट म्हणजे बैल नव्हे, हे त्याला ठाऊक असते. एका वस्तूच्या जागी दुसरी मानणे ही भाषेचीच पायरी होय. कारण 'बैल' हा शब्दही बैलाची खूणच आहे. भातुकलीत तर आई कोण, पाहुणा कोण हे बोलून ठरवावे लागते आणि दुसऱ्याचे ऐकून उत्तर द्यावे लागते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे ओळखले होते. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. १९५७ साली हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले शाळेत येत नसत. कोणी गुरे राखी, कोणी धाकटे भावंड सांभाळी. मुले मंद नव्हती. शाळाच त्यांच्यापासून दूर होती. म्हणून या बायांनी पाड्यावरच्या अंगणात 'अंगणवाडी' आणि गुरांमागच्या मुलांसाठी 'कुरणशाळा' भरवली. पाने, बिया, खडे, शिंपले हीच खेळणी. पुढे १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले.

आमच्या हैदराबादेत, चिक्कडपल्लीसारख्या वस्तीत, मराठी आईबापांना वेगळीच काळजी वाटते. घरात मराठी, शेजारी तेलुगू, बाजारात दखनी. मूल गोंधळेल काय? अनेक भाषा ऐकल्याने मुलाचे बोलणे खुंटत नाही. कधी एका वाक्यात दोन भाषांचे शब्द येतील, त्यात बिघडत नाही. मात्र घरची भाषा त्याच्याशी खेळून, भरपूर बोलावी.

आईबापांनी एवढे करावे :

१. मूल ज्याकडे पाहते त्याचे नाव सांगा. ते "माऊ" म्हणाले, तर "हो, काळी माऊ दूध पिते" असे वाढवून बोला.

२. प्रश्न विचारल्यावर थांबा. लगेच आपणच उत्तर देऊ नका.

३. माती, पाणी, कणसे हाताळू द्या. ओले-कोरडे, जड-हलके, आत-बाहेर हे शब्द हातातून कळतात.

४. तीन वर्षांखालील मुलास चिंचोके, शेंगदाणे खेळायला देऊ नका, घशात अडकतात. फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे कोणत्याही मुलाच्या हाती देऊ नका.

५. मोबाइल दाखवून मूल गप्प बसते, पण पडदा त्याला उलट उत्तर देत नाही. बोलणे माणसाशीच शिकता येते.

दीड वर्षात एकही शब्द नाही, किंवा दोन वर्षांनंतरही दोन शब्द जोडत नाही, तर "बापही उशिरा बोलला होता" म्हणून स्वस्थ बसू नका. आधी कान तपासून घ्या. सिकंदराबादेत अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेचे केंद्र आहे. गावी असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. ऐकू न येणाऱ्या मुलाचा एकेक महिना मोलाचा असतो.

खुरपणीहून दमून आलात तरी दिवेलागणीला पाव तास मुलाजवळ जमिनीवर बसा. त्याने धाटाचा बैल दिला, तर त्याला वैरण घाला आणि बैलाचे नाव विचारा.